परवडणारा बिघाड

माणसाच्या प्रगतीचा एक पक्का नियम हाय. जो बिघाड आधी फुकट व्हायचा, तो पुढं पारखून, निवडून, पैसे देऊन घ्यावा लागतो. पूर्वी चहाला धुराचा वास आला तर माणूस कप आदळून निघून जायचा. आता क्रांती चौकाच्या अलीकडं त्याच वासाचे चाळीस रुपये घेतात आन वर रांग असती. ही प्रगती हाय आन मी तिच्या बाजूनं हाय.

मी कडूबा. ॲम्प्लिफायर, भोंगे, माइक दुरुस्त करतो. शाळा सातवीपर्यंत. पण तीस वर्षं सभांना माइक लावून लावून समिती, ठराव, इतिवृत्त, अहवाल असले शब्द कानातून आत गेले ते परत निघाले नायत. या तीस वर्षांत माझ्या दुकानाच्या पायरीवर आलेल्या शंभर गिऱ्हाइकांतल्या नव्वदांची तक्रार एकच: आवाज फाटतोय. (राहिलेल्या दहांचा आवाजच येत नव्हता.) फाटलेला आवाज शिवून द्यायचा, ह्यावर माझं घर चाललं. म्हणून मागच्या जूनमधी संघपाल पाठीवर गिटार टाकून आला आन म्हनला, "मामा, आवाज फाडायचं मशीन घ्यायचंय, परवडणारं," तव्हा मी त्याला बसायला स्टूल दिलं आन पंखा त्याच्याकडं फिरवला. पोरगं आजारी वाटलं.

त्या मशीनला फझ पेडल म्हणतात. टिफिनच्या एका पुडाएवढा लोखंडी डबा. वर दोन बटनं आन पायानं दाबायचा एक खटका. आत दोन ट्रान्झिस्टर. गिटारीचा सरळ आवाज एका बाजूनं आत जातो आन दुसऱ्या बाजूनं डब्यात भुंगा कोंडल्यासारखा होऊन बाहेर येतो. एवढंच काम. साठ वर्षांपूर्वी जसा फाटायचा तसाच फाटला पाहिजे, त्याला व्हिंटेज म्हणायचं.

पोराचं कारण मात्र खोटं नव्हतं, हे आधीच सांगतो. रत्नमालाताईंची भीमगीतांची गायन पार्टी हाय. त्यांच्या एका गाण्यात दोन कडव्यांच्या मधी एक चाल येती. ती अडतीस वर्षं सखारामबाबांनी क्लॅरनेटवर वाजवली. पत्र्याच्या भोंग्यातून ती अशी फाटून यायची की पलीकडच्या वस्तीतली माणसं जेवण अर्धं टाकून निघायची. गेल्या साली बाबांचे वरचे शेवटचे दोन दात पडले. दाताशिवाय क्लॅरनेट धरता येत नाय. जागा रिकामी झाली.

संघपाल वाळूजला कंपनीत शिफ्ट करतो आन दहा वर्षं पार्टीत मागं कोरसमधी बसतो. ताईंनी त्याला सांगितलं, ही जागा तुला दिली, एप्रिलात कन्नडला जयंतीचा कार्यक्रम हाय, तवर बसव. नाय बसली तर आकाश हाय. आकाश म्हंजे कीबोर्डवाला. त्याच्या कीबोर्डात बहात्तर नंबरला क्लॅरनेट हाय. बटन दाबलं की झालं, दात लागत नाय.

भोंग्यातून फाटणारा तो आवाज साध्या गिटारीतून निघत नाय, फझमधून निघतो, हे मला लगेच पटलं. मी म्हनलं, घे एखादं आन लाग वाजवायला. हा माझा अडाणीपणा. असं कुठं घेतात व्हय?

पुंडलिकनगरात अप्पारावांच्या हॉलमधी दर रविवारी दहाला गिटारवाल्यांची बैठक भरती. अप्पाराव एका कार्यालयात एकोणतीस वर्षं निविदा उघडायच्या टेबलावर होते. एकबी निविदा त्यांच्या हातून घाईत उघडली गेली नाय. त्यांच्याकडं तीन गिटारी हायेत. तिन्ही बेसूर हायेत, कारण तारा बदलायच्या का नाय हा विषय विचाराधीन हाय. दुसरी सायली, इंजिनिअरिंगची पोरगी, लई हुशार. तिनं पेडलांचा तक्ता केला: त्रेचाळीस पेडलं, एकोणीस रकाने. (अठराव्या रकान्याचं नाव "भावना" होतं.) तिसरा उमेदवार संघपाल. मला तांत्रिक सदस्य म्हणून घेतलं. मानधन पोहे आन चहा, पोह्यांवर शेंगदाणे सदस्याच्या ज्येष्ठतेनुसार.

समितीनं दहा महिन्यांत केलेलं काम बघून माझी छाती दडपली. आकडे सायलीचेच देतो.

पाहिलेले व्हिडिओ: सहाशे बारा.
त्यापैकी मोबाइलच्या मसुरीच्या डाळीएवढ्या स्पीकरवर पाहिलेले: सहाशे बारा.
आवाजात "खोली" आढळली: चारशे सात वेळा.
प्रत्यक्ष पायानं दाबलेली पेडलं: शून्य.
गिटार पिशवीतून बाहेर निघाली: दोनदा. (एकदा पिशवीत चार्जर सापडत नव्हता म्हणून.)

पहिला प्रश्न, परवडणारं म्हंजे काय. हा गणपतीला सुरू झाला आन दिवाळीला मिटला. ठराव असा: ज्या वस्तूची खरी किंमत घरी सांगता येते ती वस्तू परवडणारी समजण्यात यावी. त्याआधी संघपालला त्याच्या आईला, मुक्ताबाईला, कितीपर्यंत चालंल ते विचारायला सांगितलं. ती म्हनली, वाजवणार असशील तर कितीचंबी आण. समितीनं हे उत्तर अपुरं म्हणून परत पाठवलं.

दुसरा प्रश्न ट्रान्झिस्टरचा. जुन्या रेडिओत जर्मेनियमचे असायचे, नंतर सिलिकॉनचे आले. समितीच्या मते जर्मेनियमचा आवाज मऊ, सिलिकॉनचा टोचणारा. मी माझा बिस्किटाचा डबा नेला. त्यात जुन्या रेडिओतून काढलेले जर्मेनियमचे दीडशेक तरी पडलेत. म्हनलं, दोन घ्या, संध्याकाळपर्यंत डबी जोडून देतो. अप्पारावांनी चष्मा काढून बघितलं आन समजावलं, "कडूबा, हे जुनं आहे. व्हिंटेज नाही." फरक मला नंतर कळला. जुनं आपल्या घरात असतं, व्हिंटेज दुसऱ्याच्या.

सेलचं तसंच. जाणकार म्हणतात, फझला नवा सेल चालत नाय, अर्धा उतरलेला लागतो, त्यात गोडवा असतो. कार्यक्रम संपल्यावर कॉर्डलेस माइकमधले उतरलेले सेल मी आजवर कचऱ्यात टाकायचो. किती गोडवा वाया घालवला त्याचा हिशेब नाय.

या काळात सखारामबाबा दर रविवारी यायचे. चपला काढायच्या जागेजवळ बसायचे. त्यांचं म्हणणं एकच असायचं, "अर्ध्या तासाचं काम हाय रे पोरा. बस मपल्या समोर, मी गुणगुणतो, तू उचल." संघपाल एकदा उठलाबी होता. सायलीनं हरकत घेतली. तिचा मुद्दा बिनतोड होता. चाल आधी शिकली तर हात तिच्या बाजूनं झुकणार, मंग पेडलाची पारख निःपक्ष कशी होणार? ठराव क्रमांक चौदा: पेडल निश्चित होईपर्यंत चाल शिकू नये. बाबांचं म्हणणं दाखल करून घेण्यात आलं. बाबांनी चहा बशीत ओतून पिला आन दीडच्या बसनं गेले. चार-पाच रविवार असं झाल्यावर ते यायचे थांबले. त्यांची गैरहजेरी मंजूर करण्यात आली.

मार्चच्या शेवटी जर्मेनियमचं एक पेडल ठरलं. कोणतं ते नंतर. मोबाइलवर एका अंगठ्यानं मागवलं, चौथ्या दिवशी दारात. दहा महिन्यांचं काम चार दिवसांत दारात आलं याचं अप्पारावांना थोडं वाईट वाटलं.

आन मंग ऊन लागलं.

जर्मेनियमला ऊन सोसत नाय. हे मला रेडिओच्या काळापासून माहीत हाय, पण अजेंड्यावर विषय नव्हता. तापलं की ते गुरगुरायचं सोडून कण्हायला लागतं, मंग मुकं होतं. कन्नडला एप्रिलात पारा एक्केचाळीसवर. सायलीनं तक्ता उघडला. तापमानाचा रकाना नव्हता. सहाशे बारा व्हिडिओ परत डोळ्यासमोर आणले तव्हा ध्यानात आलं की त्यातली सगळी माणसं स्वेटर घातलेली होती.

तातडीची बैठक झाली. एकानंबी म्हनलं नाय की सिलिकॉनचं घेऊ. ठराव क्रमांक एकोणतीस: पेडल बर्फात ठेवण्यात यावे. खोका थर्माकोलचा, मच्छीवाल्याकडून आणलेला, वासासकट. तळाला बर्फ, बर्फावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर पेडल. दोन वायरी बाहेर.

कन्नडला पार्टी एसटीनं आली, समिती जीपनं. संध्याकाळी सातला मैदान भरलं. माइक माझेच. पुढच्या रांगेत लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर सखारामबाबा, डोक्याला निळा फेटा. संघपालनं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आन तो पहिल्यांदा पुढं उभा होता. पायाशी मच्छीचा खोका. मुक्ताबाई बायकांत बसली होती, शेजारणीला बोट दाखवून सांगत होती.

ताईंनी गाणं उचललं. पहिलं कडवं झालं, ढोलकी थापेला आली, आन संघपालनं चप्पल काढून उजवा पाय बर्फात घातला.

आता मी खरं सांगतो, या गोष्टीत माझी मस्करी इथं थांबती. तो आवाज आला. तसाच. पत्र्याच्या भोंग्यातला, अडतीस वर्षांचा. गाड्याजवळ उसाचा रस पिणारी माणसं गिलास हातात घेऊन वळली. बाबा खुर्चीत सरळ झाले आन त्यांची बोटं मांडीवर जाऊन बसली, जिथं क्लॅरनेटच्या कळा असायच्या.

फझचा सूर लांबतो. एक तार छेडली की बराच वेळ बोलत राहती. संघपालनं पहिला सूर छेडला, तो लांबला, लांबला, आन लांबून संपला. दुसरा आला नाय. बाबांची दोन बोटं उचललेली तशीच राहिली.

ढोलकीवाल्यानं एक आवर्तन फिरवलं. दुसरं फिरवलं. संघपालनं परत तोच सूर छेडला, पहिल्यापेक्षा सरस. ताई माइक खाली धरून त्याच्याजवळ गेल्या. मी बाजूलाच होतो.

"पुढचं?"

"मावशी, आवाज ऐका ना."

"आवाज आला रे राजा. गाणं कव्हा येणार?"

तो खाली खोक्यात बघत राहिला. खोक्यात गाणं नव्हतं, बर्फ होता. ताईंनी मान वळवून आकाशकडं बघितलं. आकाशनं बहात्तर दाबलं आन चाल वाजवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकबी सूर इकडचा तिकडं नाय. आवाज खेळण्यातल्या बाजासारखा, पण गाणं चालायला लागलं. पुढच्या रांगेत बाबांची बोटं मांडीवर बरोबरीनं पळत होती. पुंडलिकनगरातून निघून दीडच्या बसनं बाबा कुठं उतरायचे हे मला तव्हा कळलं. आकाशच्या घरी समिती नव्हती.

टाळ्या झाल्या. ताई रागावल्या नायत. पुढच्या गाण्याआधी त्यांनी संघपालला हळूच कोरसमधी जाऊन बसायला सांगितलं. तो बसला. एक पाय ओला. मुक्ताबाईनं शेजारणीला परत काय सांगितलं ते मी बघितलं नाय, वायर गुंडाळायचं काम काढलं.

पुढच्या रविवारी आढावा बैठक झाली. अहवाल मला तोंडपाठ हाय. पेडलाची कामगिरी समाधानकारक. बर्फाची कामगिरी उत्कृष्ट. "चाल हा विषय समितीच्या कार्यकक्षेत नसल्याने त्यावर भाष्य करण्यात येत नाही." आकाशच्या यशाचं कारण शोधायला कीबोर्डांचा तक्ता करायचं ठरलं, बावीस रकाने. मला वाटलं संघपाल येणार नाय. तो वेळेच्या आधी आला होता. पोहे घेताना मला बाजूला घेऊन हळूच म्हनला, "मामा, सिलिकॉनचं घेतलं असतं तर जमलं असतं ना?" मी म्हनलं, व्हय. अजून काय म्हणणार.

ही हकीकत मी दुकानात आजवर अकरा जणांना सांगितली. अकराच्या अकरा पोट धरून हसले. त्यातल्या एकानं समितीला येडे म्हनलं, एकानं अप्पारावांचा पत्ता मागितला, आन चाल कशी होती, बाबा अजून शिकवतात का, हे एकानंबी विचारलं नाय. जाताना मात्र प्रत्येकजण पायरीवर थांबला आन तेच बोलला: "ते सगळं खरं कडूबा, पण पेडल कोणतं होतं ते तू सांगितलंच नाय."

तुम्हीबी मघापासून त्याचीच वाट बघताय. बारावं नाव तुमचं लिहून घेतलंय. रविवारी दहाला या. गिटार आणायची गरज नाय.