तीस डुकरांची सभ्य लूट

न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात याकुंबा आणि तिंगी या दोन कुळांत तीन वर्षं युद्ध चालू होतं. कारण सबळ होतं. तिंगींच्या डुकरिणीने याकुंबांची रताळी उकरली होती. याकुंबांचा म्हातारा पुढारी लाकाइन याची मुलगी तिंगींत दिलेली. तिला मुलगा होऊन दोन वर्षं झाली, पण नदीपलीकडचा तो नातू लाकाइनने अजून पाहिलाही नव्हता.

अखेर दूरदेशीच्या दानशूर सरकारांनी लक्ष घातलं आणि राजधानीत 'युद्धसमाप्ती प्रोत्साहन कक्ष' उघडला. युद्ध थांबेपर्यंत तांदूळ, मीठ, डबाबंद मासे आणि डुकरं यांचे व्यवहार बंद. थांबलं की जळालेला पूल, शाळा, दवाखाना नवा बांधून मिळणार. भाल्यांना तीन वर्षांत जमलं नाही ते माशांच्या डब्यांनी सात आठवड्यांत करून दाखवलं. दोन्ही कुळं नाक मुठीत धरून तहाला तयार झाली.

लाकाइन कक्षात जाऊन निरीक्षक बार्नाबसला भेटला.

"साहेब, तह ठरला. रिवाजाप्रमाणे तीस डुकरं आम्ही देतो, तीस ते देतात. परवानगी द्या."

"शत्रूला डुक्कर देता येत नाही. प्रतिबंधित माल आहे."

"अहो, पण डुक्कर दिल्याशिवाय तो शत्रूच राहणार!"

"म्हणूनच देता येत नाही."

"मग बंदी उठवा की!"

"तह झाला की लगेच. मी जातीने येईन."

लाकाइनने कपाळावर हात मारला. बार्नाबस मनाचा वाईट नव्हता. त्याने एकशे बारा पानांची नियमावली चाळली. "विक्री बंद, देणगी बंद, अदलाबदल बंद. लुटीचा मात्र कुठे उल्लेख नाही, आजोबा. लूट म्हणजे व्यवहार नव्हे."

रविवारी चर्च सुटल्यावर लूट ठरली. याकुंबा तोंडं रंगवून, पिसं खोवून, आरोळ्या ठोकत नदी उतरले. पलीकडे व्याही कांदिसो डुकरांना दोर बांधून ताटकळत उभा होता.

"काय हे व्याहीबुवा! लुटायला यायचं तर वेळेवर यावं. बायका खोळंबल्यात."

"पाण्याला ओढ आहे हो. आणि ही लंगडी नको आम्हांला."

"लुटायला आलात की स्थळ बघायला?"

तेवढ्यात लेक पुढे झाली आणि तिने पोर बापाच्या खांद्यावर ठेवलं. "बाबा, हाही लुटून न्या चार दिवस. फार छळतो." पोराने आजोबांची पिसं उपटली. लाकाइन लुटारूला अजिबात न शोभेल असा हमसून हमसून रडला. मग तिंगींनीही रीतसर तीस डुकरं लुटली, आणि दोन्ही कुळं एकाच खड्ड्यात भाजलेलं डुक्कर खायला बसली.

बार्नाबसने अहवालाचे रकाने प्रामाणिकपणे भरले. हल्ले दोन. लुटलेली डुकरं साठ. अपहृत बालक एक. सोबत फोटो: रंगवलेल्या तोंडाचा म्हातारा, खांद्यावर पोर.

प्रतिबंध दुप्पट झाले. पुलाचा निधी मार्चअखेर संपवायचा होता, म्हणून राजधानीत 'युद्धग्रस्त बालक पुनर्वसन केंद्र' उभं राहिलं. तीन मजली. पोलिसांनी नातवाला सोडवून तिथे नेलं. सध्या तो एकटाच लाभार्थी आहे. आईबापांना भेटीची परवानगी तह झाल्यावर मिळेल.

तो फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत आला होता. तुम्हीही पाहिलात. "काय रानटी लोक आहेत, कडक उपाय हवेत," असं म्हणून तुम्ही चहाचा घोट घेतलात आणि पान उलटलंत. कक्षाने तुमच्या मताचा मान राखला आहे.