खरेदीखताचा मुराळी

भिवराबाई जीपमध्ये बसायला तयार नव्हती. तिनं दाराला हात लावला, आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा ओसरीवर जाऊन बसली.

"आक्का, बाराचा नंबर हाय," शहादेव म्हणाला. "सही करायची, अंगठा द्यायचा, फोटो काढायचा. लई तर घंटाभराचं काम. उन्हं उतरायच्या आत तुला परत आनून सोडतो."

"सहीला मानूस न्यायला आलास, का बहिनीला?"

शहादेव लांब कड्याला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होता. गावाकडचं, दिंद्रुडचं घर आई गेल्यापासून कुलपात होतं. गावच्या दूध संस्थेचे सचिव मोहनराव यांना ते हवं होतं, आणि शहादेवला ते नको होतं. व्यवहार इतका सरळ होता. अडचण एकच. वडिलांच्या माघारी घराला दोन नावं लागली होती, त्याचं आणि धारूरच्या डोंगरात दिलेल्या या थोरल्या बहिणीचं. दुष्काळानं यंदा ऊस जेमतेम होता, तरी उद्या गाळप सुरू झालं की शहादेवला काटा सोडून हलता येणार नव्हतं. खरेदीखत आजच व्हायला हवं होतं.

"बहिनीलाच न्यायला आलोय, आक्का."

"म्हंजी मुराळी आलास?"

आई होती तोवर दर दिवाळीला बहिणीला माहेरी न्यायला शहादेवच मुराळी म्हणून यायचा. नंतर तो फोन करू लागला. आता घाईत तो बोलून गेला, "हां, मुराळी म्हन. पन चल."

भिवराबाई ताडकन उठली. "मग शिदोरी कुठं हाय?"

शहादेवच्या पिशवीत पेढ्यांचा पुडा होता, सह्या झाल्यावर ऑफिसात वाटायचा. तो तिनंच काढला. "माझा मुराळी आलाय गं!" असं म्हणत ती सगळ्या आळीत पेढे वाटून आली. आली ती ठेवणीतलं लुगडं नेसूनच, काखेत गाठोडं घेऊन. शेजारणी तिला वाटेला लावायला जीपपर्यंत आल्या. एकीनं डोळ्यांना पदरही लावला.

"कवा धाडताव हिला?" भिवराबाईच्या नवऱ्यानं, बंकटनं विचारलं.

"आजच, दाजी."

"येडं लागलं का? मुराळ्यासंगं गेलेली बाई त्याच दिशी परत येती व्हय? लोकं म्हनतील, भावाशी भांडून आली. चार दिस राहू द्या."

शहादेवनं मान डोलावली. चार दिवसांचं चार दिवसांनी बघू, असा त्याचा हिशेब होता.

जीप गावाबाहेर पडल्यावर दिंद्रुडचाच ड्रायव्हर सटवा म्हणाला, "तालुक्याला थेट घालू ना, काका?"

"थेट," शहादेव म्हणाला.

"आधी दिंद्रुड," भिवराबाई म्हणाली. "माहेरवाशीन आधी उंबऱ्यावर जाती, मग कचेरीत."

"कुनाचं आयकू?"

"माझं आयक. मी तुझ्या गावची लेक हाय, हा तर गाव सोडून गेलाय."

"खरं हाय, आत्या," असं म्हणून सटवानं गाडी दिंद्रुडला घातली.

घर रिकामं होतं. शहादेवनं चूल, पाटा, पलंग, सगळं आदल्या दिवशीच टेम्पोनं कड्याला धाडलं होतं. दारात मोहनरावांची बायको कौशल्याबाई आपल्या सामानाच्या गाठोड्यांवर बसून होती. सह्या झाल्याबरोबर आत शिरायचं ठरलं होतं. भिवराबाई उंबऱ्यासमोर उभी राहिली आणि उभीच राहिली.

"भाकरतुकडा कोन ओवाळतंय?"

शहादेव कौशल्याबाईजवळ गेला. हळूच म्हणाला, "वयनी, तेवढं तुमी करा. त्याच्याबिगर ती सही करायची न्हाई."

"मी कोन्या नात्यानं ओवाळू? घर अजून तुमचं हाय. सही झाली की ओवाळते."

"ओवाळल्याबिगर सही न्हाई," भिवराबाईनं तिथूनच सांगितलं. तिचे कान चांगले होते.

"आन् सहीबिगर घर आमचं न्हाई," कौशल्याबाई म्हणाली. तिचंही चुकत नव्हतं.

घड्याळात बारा वाजून गेले. तेवढ्यात मोहनराव स्टँपपेपरांची पिशवी घेऊन आले. त्यांनी दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या. संस्थेच्या कारभारात त्यांनी याहून मोठे पेच सोडवले होते.

"सोपं हाय," ते बायकोला म्हणाले. "आमी संस्थेत आधी काम करून घेतो आन् मग सभेची कार्योत्तर मंजुरी घेतो. तू आत्ता ओवाळून घे. नातं सही झाल्यावर लावू."

कौशल्याबाईनं स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून तुकडा ओवाळून टाकला. भिवराबाईला घमेल्यात उभं करून तिच्या पायांवर बेतानं तांब्याभर पाणी घातलं. टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून घमेल्यातलं ते पाणी तिनं तसंच उचलून अंगणातल्या शेवग्याला ओतलं. भिवराबाईनं ते पाहिलं. "शेवगा आईनं लावल्याला हाय," एवढंच ती म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली. तिच्यामागं मोहनराव आणि कौशल्याबाईही चढले.

तालुक्याच्या नोंदणी ऑफिसात हुकलेला नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा मिळाला. साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "बाई, खुशीनं सही करताय ना?"

"खुशीनं कुनी माहेर इकतं का, साहेब?"

साहेबांनी कागद बाजूला सारला. "कुणाची जबरदस्ती आहे का?"

भिवराबाईनं शहादेवकडं एकदा पाहिलं.

"न्हाई. जबरदस्ती असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. ह्यो तर हात जोडून आलाय."

"मग मी काय समजू?"

"माझी ना न्हाई, असं समजा. कुठं करू सही?"

तिनं सावकाश सही केली, अंगठा दिला, पदर नीट करून फोटो काढला. काम झालं. शहादेवला हलकं वाटायला हवं होतं. सकाळपासून तो त्याचीच वाट बघत होता. पण बाहेर आल्यावर त्याला नुसतं रिकामं वाटलं, आणि पेढेही शिल्लक नव्हते.

"मला कुठं सोडतूस?" भिवराबाईनं विचारलं. "चार दिस मी घरी जात नसते."

शहादेवनं कड्याच्या दोन खोल्या आठवल्या, त्यातली सगळी माणसं आठवली. "आक्का, गाळप उद्याच सुरू व्हतंय... दिवाळीचं बघू ना आपन."

मोहनरावांनी घसा खाकरला. पण बोलली ती कौशल्याबाई.

"बघायचं काय? नातं सहीनंतर लावायचं ठरलंय. सही झाली. ह्या माझ्या ननंद. चला, वन्सं, सैपाकाचं बघू."

सटवानं जीप वळवली. भिवराबाईनं मागं वळून पाहिलं नाही. शहादेव एसटी स्टँडवर गेला, तर कड्याची गाडी निघून गेली होती. दुसरी सकाळी.

दिवेलागणीला तो दिंद्रुडच्या दारात उभा होता. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. या दाराची कडी त्यानं आजवर कधी वाजवली नव्हती. ती वाजवताना कितीदा वाजवावी हे त्याला कळेना.

दार भिवराबाईनं उघडलं. "शादेवा? काय इसरलं का?"

"एसटी चुकली."

ती दारातून बाजूला झाली नाही. मान वळवून तिनं आत विचारलं, "वयनी, माझा भाऊ आलाय. रातीपुरता राहू द्यायचा का?"

"इचारता काय, वन्सं? माहेर तुमचं हाय."

शहादेव जेवला. ओसरीवर, पाहुण्यांना अंथरून देतात तिथं, तो झोपला. पहाटे मोहनराव दुधाच्या कॅनपायी उठले तेव्हा तो उठूनच बसलेला होता.

निघताना भिवराबाई त्याला अंगणापर्यंत सोडायला आली. तिनं त्याच्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं.

"दिवाळीला मला न्यायला मोहनदादा येनार हायती. बोलनं झालंय," ती म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडं पाहून तिनं विचारलं, "तुला न्यायला कोन येईल रं?"