निधनाच्या रकान्यातली मोकळी जागा

आमच्या वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या पानात चूक सापडणं शक्यच नाही, असं मी बाबांच्या वाढदिवशी सकाळी छातीठोकपणे सांगत होते. सांगत होते बाबांनाच. त्यांच्यासाठी दिलेली शुभेच्छांची जाहिरात असलेलं पान त्यांच्या हातात होतं, अजून उघडलेलं नव्हतं.

त्या पानाची यंत्रणा माझी. लोक संगणकावर मजकूर भरतात, तो एक्सएमएल फाइलीत येतो. म्हणजे प्रत्येक माहिती आपापल्या नावाच्या डबीत बसते: नाव, फोटो, संदेश, निधनाची तारीख. माझा प्रोग्राम डब्या तपासतो आणि छापायचा मजकूर आपोआप तयार करतो. निधनाची डबी रिकामी असली तर शुभेच्छा आणि नक्षी. तिच्यात काही असलं तर काळी चौकट. किती सोपं!

बाबांनी पान उघडलं. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"तू मला काही सांगायची राहिलीस का?"

काळ्या चौकटीत बाबा! फोटो मागच्या वर्षी केक कापतानाचा, सगळे दात दिसतायत असा. खाली 'दिनांक      रोजी दुःखद निधन'. त्याच्याही खाली आईचा संदेश: 'असेच हसत राहा!'

"तारीख दिलेली नाही," बाबा म्हणाले. "म्हणजे सवडीने जायचंय."

तेवढ्यात घंटी वाजली. दार बाबांनीच उघडलं. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य फुलं घेऊन उभे होते. त्यांनी बाबांकडे पाहिलं, फुलं बाबांच्याच हातात दिली, "वहिनींना सांगा, मी येऊन गेलो," असं म्हणाले आणि जिन्यावरून धूम ठोकली.

मग घरात संशयाला ऊत आला. "हे तुझ्या मामाचंच काम," बाबा म्हणाले. "रविवारी बुद्धिबळात हरलाय." आईचा संशय बाबांवरच. "गर्दी किती जमते ते बघायचं असेल ह्यांना!" माझा संशय जाहिरात खिडकीवरच्या कारकुनावर होता, कारण तो माझ्याशी अलीकडे फारच गोड बोलत होता. आणि आमच्या विभागप्रमुखांचा संशय माझ्यावर! त्यांनी फोन करून बजावलं, "घरची भांडणं पानावर आणू नका."

दुपारी शेजारच्या गावाहून आत्या आली. जिन्यापासूनच तिचं रडणं ऐकू येत होतं. आत आली तर तिचा 'गेलेला' भाऊ टोस्टला लोणी लावतोय! तिने हातातली पिशवीच फेकून मारली.

"अख्ख्या रस्त्यात रडले मी! ड्रायव्हरने बस थांबवून पाणी पाजलं मला! आता पुन्हा मेलास तर मी यायची नाही, सांगून ठेवते!"

आणि डोळे पुसत केक खायला बसली. संध्याकाळच्या बसने परत गेली.

मी मूळ फाइल उघडली. निधनाच्या डबीत तारीख नव्हती. पण डबी रिकामीही नव्हती. आत एक स्पेस होती. एवढीशी मोकळी जागा! माझा प्रोग्राम फक्त विचारत होता, 'आत काही आहे का?' आणि यंत्राच्या लेखी मोकळी जागा हेही काहीतरी असतंच. आधी मोकळी जागा झटकायची, मग काही उरतंय का ते पाहायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

पण ती स्पेस मारली कोणी? मी गुप्तहेरासारखी वळले.

"जाहिरातीचा मजकूर कोणी भरला होता?"

"मीच," बाबा म्हणाले. "तुझ्या बोटांवर माझा भरवसा नाही."

बाबांनी जन्मभर टायपिंगचा क्लास चालवला. तिथला त्यांचा नियम: ज्या रकान्यात लिहायला काही नाही, तिथेही एक स्पेस मारूनच पुढे जायचं. रकाना नजरेतून सुटलेला नाही, पाहिलाय, याची ती खूण.

"म्हणजे स्वतःच्या बोटाने स्वतःला मारलंत!" आई ओरडली. बाबा ठसका लागेपर्यंत हसले.

संध्याकाळी मी प्रोग्राम दुरुस्त केला. "आता डबी मोकळ्या जागांनी ठासून भरा," मी ऐटीत म्हटलं, "तुम्ही जिवंतच राहणार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत. डॉक्टर आले, नाडी पाहिली, आईला खुर्चीत बसायला सांगितलं.

आणि कोणाचाच विश्वास बसेना. फुलवाल्याने विचारलं, "मॅडम, आज तरी नक्की ना?" दंतवैद्य दोन पायऱ्या खालीच थांबले. "दार कोण उघडणार आहे?" निधनाची जाहिरात पाठवली तर विभागप्रमुख म्हणाले, "जाहिरात बाबांना दाखवून घेतलीत का?" मग त्यांच्याच लक्षात आलं, आणि ते बराच वेळ खोकत राहिले.

बाबांना दुपारी न्यायचं होतं. आत्याला सकाळची बस मिळाली नाही, तर भावाचं तोंड शेवटचं दिसणार नव्हतं. मी फोन लावला.

"आत्या, बाबा गेले."

"हो का? जेवायला परत येतील ना?"

"आत्या, खरंच."

"कालही खरंच होतं. छापून आलं होतं! दे त्याला फोन."

"कसा देऊ?"

"मग आईला दे. आणि मागे कोण खिदळतंय गं?"

आई खुर्चीतून उठत नव्हती, आणि मागे मामा रडत होता. त्याचं रडणं हसण्यासारखंच ऐकू येतं, याला कोण काय करणार! मी शांतपणे समजावलं. डॉक्टर येऊन गेले. दाखला मिळाला. यंत्रणेतला दोष काल संध्याकाळीच दुरुस्त झाला आहे.

"ऐक स्वतःचा आवाज!" आत्या कडाडली. "बातम्या वाचतेयस नुसत्या. बाप गेलेली मुलगी अशी बोलते का? दोघं मिळून म्हातारीची चेष्टा करताय. ठेवते मी."

तिचंही चुकलं नाही. मी आणि बाबा एकमेकांच्या चुका काढायचो, तेवढीच आमची माया. त्यापलीकडचं बोलायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

"ठेवू नकोस," मी म्हटलं. "आत्या, मला ते अजून हवे होते गं."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला.

"निघाले," आत्या म्हणाली आणि फोन बंद झाला.

पण मला आता थांबता येईना. दंतवैद्य एव्हाना दारापर्यंत आले होते, हातात फुलं होती.

"मला बाबा फार आवडायचे," मी त्यांना सांगितलं.