साहेबांच्या पिस्तुलाचे दोन स्क्रू

सौदीतल्या अबकैकला एका कंत्राटदार कंपनीत रूपेश पाटणकर सोळा वर्षं एकच काम करत होता, यंत्रांच्या चुका काढण्याचं. प्रेशर गेजचा काटा जागेवर नसला की तो जागेवर आणायचा आणि कागदावर सही ठोकायची. माणसाच्या आधी यंत्र बिघडतं, अशी त्याची समजूत होती आणि स्वतःच्या बाबतीत तर ती श्रद्धाच होती. घरातला वजनकाटा त्याने तीनदा दुरुस्त केला होता आणि दर दुरुस्तीनंतर त्याचं वजन दीड किलोने उतरलं होतं.

ते निताकातचं, म्हणजे नोकऱ्या आधी सौदी माणसांना या कायद्याचं, वर्ष होतं. प्रत्येक कंपनीत सौदी माणसं किती याची मोजणी चालली होती, आणि दर गुरुवारी कँटीनमध्ये कुणाचा तरी निरोपाचा केक कापला जात होता. रूपेशच्या हाताखाली मिशारी नावाचा हुशार, सालस सौदी इंजिनिअर शिकायला दिला होता. या शिकवणीचा अर्थ काय, हे मिशारी सोडून सगळ्या खात्याला ठाऊक होतं. रूपेशचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपायला आठ आठवडे उरले होते, मुलगी इंडियन स्कूलमध्ये दहावीला होती, आणि कॉन्ट्रॅक्ट वाढवून द्यायचा फॉर्म खातेप्रमुख मुतलक साहेबांच्या खणात सहीची वाट बघत पडलाय, असं तो धरून चालला होता.

मुतलक साहेबांचा जीव मात्र त्या खणात नव्हता, तो क्लबच्या शूटिंग रेंजवर होता. दहा मीटरवरचं छऱ्याचं पिस्तूल हा त्यांचा छंद. खात्याखात्यांच्या सामन्यासाठी तिघांचा संघ लागे. साहेब आणि मिशारी होतेच, पण तिसरा नेमबाज नुकताच केक कापून केरळला गेला होता. साहेबांनी रूपेशला केबिनमध्ये बोलावलं. त्यांची भाषा म्हणजे इंग्रजी, अरबी आणि कँटीनमधल्या हिंदीची खिचडी, ती इथे मराठीतच दिलेली बरी.

"रुबेश, तुझा हात स्थिर आहे?" त्यांनी विचारलं. अरबीत 'प' नसल्यामुळे सोळा वर्षं तो रुबेशच होता.

आठ आठवड्यांवर इकामा आलेल्या माणसाचा हात स्थिरच असतो. त्याने मान डोलावली.

शनिवारी साहेबांनी त्याला रेंजवर उभं करून पहिले धडे दिले. पाय खांद्यांइतके फाकवायचे, मूठ घट्ट पण आवळायची नाही, नजर लक्ष्यावर नव्हे तर नळीच्या टोकावरच्या माशीवर ठेवायची, अर्धा श्वास सोडून थांबायचं आणि ट्रिगर लिंबू पिळल्यासारखा हळू दाबायचा, हिसडा द्यायचा नाही. मग पाच-पाच छऱ्यांची एकेक फेरी मारायची, घाई न करता. शेवटी ते म्हणाले, "आणि एक लक्षात ठेव. पिस्तुलाला दोष देतो तो नेमबाज नाही. हे माझं पिस्तूल मी पाच वर्षांपूर्वी लावलंय, त्याला हात लावलेला नाही." एवढं बोलून त्यांनी आपलं लाडकं पिस्तूल सरावासाठी त्याच्या हाती दिलं आणि ते नमाजाला गेले.

रूपेशने पाच छरे मारले. पाचही खाली डावीकडे, रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतील इतके जवळजवळ. आणखी पाच मारले, तेही तिथेच. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आपण हिसडा देतोय. पण रूपेशचं सोळा वर्षांचं ज्ञान जागं झालं. दर वेळी चूक तीच आणि तेवढीच, म्हणजे माणूस बरोबर आणि यंत्र चूक. पिस्तुलाच्या मागच्या बाजूला नेम सरकवायचे दोन चिमुकले स्क्रू होते. खिशात पेनासारखा स्क्रूड्रायव्हर कायम असेच. एक स्क्रू उजवीकडे, एक वर, टिक टिक टिक. पुढचे पाचही छरे काळ्या वर्तुळाच्या मधोमध बसले. साहेबांचं पिस्तूल दुरुस्त करून दिल्याचं समाधान घेऊन तो घरी आला आणि त्या रात्री गाढ झोपला.

रविवारी साहेबांचे सगळे छरे वर उजवीकडे गेले.

पिस्तुलाला दोष द्यायचा नाही हा त्यांचाच कायदा, त्यामुळे त्यांनी स्वतःला दोष द्यायला सुरुवात केली. आधी मूठ बदलून पाहिली, मग उभं राहणं बदललं, मग डोळ्यांवर संशय घेतला. मंगळवारी रूपेशची बायको सुखदा दवाखान्यातून घरी आली. ती तिथे डोळ्यांच्या विभागात नर्स होती.

"तुझे साहेब आले होते आज," ती चप्पल काढता काढता म्हणाली. "डोळे विशीतल्या पोरासारखे आहेत. तरी डॉक्टरांशी भांडत होते, नीट बघा, मला वर उजवीकडे दिसतंय म्हणून."

रूपेशने चहाचा कप खाली ठेवला. मग त्याने तिला सगळं सांगितलं. सुखदाने सोळा वर्षं जेवणाच्या टेबलावर कॅलिब्रेशनच ऐकलं होतं.

"फिरवण्याआधी किती होतं ते लिहून ठेवलं असशील ना? मिशारीला पहिला धडा तोच दिलास."

रूपेश कप विसळायला उठला.

"नाही लिहिलंस?"

"वाटलं, एवढंसं तर होतं."

"मग उद्या जाऊन सरळ सांग."

"फॉर्म अजून खणात आहे गं. सही झाली की सांगतो."

डोळे चांगले निघाल्यावर साहेबांनी हातावर संशय घेतला. हात कापतो तो कॉफीने, असं त्यांनी कुठेतरी वाचलं, आणि खात्यातला गाह्व्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास बंद झाला. पाठोपाठ सिगारेट सुटली. गाह्वा आणि सिगारेट एकाच आठवड्यात सोडलेला माणूस सह्या करत नाही, सह्या मागणाऱ्यांकडे नुसता बघतो. रजेचे अर्ज अडले, बिलं अडली. सगळं खातं कोरड्या घशाने हळू आवाजात बोलू लागलं. याला कारण आपल्या खिशातला स्क्रूड्रायव्हर, हे एकट्या रूपेशलाच ठाऊक होतं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

शेवटी सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्याने धाडस केलं. पुसून, तेल देऊन ठेवतो म्हणून पिस्तूल मागून घेतलं, मिशारीला रेंजवर नेलं आणि वाळूच्या पिशवीवर टेकवून त्यालाच मारायला लावलं. मिशारीचा हात खरोखर चांगला होता. त्याच्या छऱ्यांवरून रूपेशने स्क्रू एकेक टिक करत मागे आणले आणि पिस्तूल अगदी जागेवर आलं. या वेळी त्याने सगळं लिहूनही ठेवलं. मिशारीने एकदाही का म्हणून विचारलं नाही. नुसताच मिशीत हसला.

पण त्याच दिवशी दुपारी साहेबांनीही आपला उपाय शोधून काढला होता, तो रूपेशला कसा कळावा? वयामुळे हात वर उजवीकडे जातोय ना, मग नेम खाली डावीकडे धरायचा. दुपारी तसा धरून त्यांनी तीन फेऱ्या मारल्या होत्या आणि सगळे छरे मधोमध बसवले होते. आनंदाने त्यांनी अर्धा कप गाह्वाही घेतला होता.

गुरुवारी संध्याकाळी सहा खात्यांचे संघ आले. साहेब उभे राहिले, श्वास अर्धा सोडला, नेम खाली डावीकडे धरला आणि लिंबू पिळलं. दहाही छरे काळ्या वर्तुळाबाहेर, खाली डावीकडे. शेजारच्या लेनमध्ये क्लबच्या पिस्तुलाने रूपेशचेही दहा तिथेच गेले. मिशारीने एकट्याने लाज राखली, तरी संघ शेवटून पहिला आला. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून पाहिले. आपण रुबेशसारखे मारतो, हे त्यांना फार लागलं असावं.

सगळे गेल्यावर ते बाकावर बसून राहिले. रूपेश सामान आवरत होता.

"पिस्तूल मिशारीला देऊन टाकतो," ते म्हणाले. "रविवारी वर लिहून कळवतो, मला मोकळं करा म्हणून. ज्याला आपला हात कळत नाही, त्याने प्लँटच्या कागदांवर सह्या करू नयेत."

त्यांचा चेहरा पाहून रूपेशला भडभडून आलं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पाइपांवर चढणारा हा माणूस, दोन स्क्रूंपायी म्हातारा झाला होता. इकामा गेला तर गेला, असं म्हणून त्याने पहिल्या शनिवारपासून कालच्या वाळूच्या पिशवीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी पिस्तूल उचललं, नेम मधोमध धरला आणि पाच छरे मारले. पाचही काळ्यात. ते पुन्हा बसले आणि सिगारेट मागितली. रूपेश ओढत नसे, म्हणून पुढे केलेला हात त्यांनी नुसताच पुसला.

"म्हणजे माझे डोळे ठीक आहेत."

"उत्तम आहेत, सर."

"हातही."

"हातही, सर. हिसडा मी देतो."

साहेब उठून गाडीकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक घडी घातलेला कागद होता. त्यांनी तो रूपेशपुढे उघडला. कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढवण्याचा फॉर्म, खाली साहेबांची ऐसपैस सही, आणि तारीख त्या पहिल्या शनिवारच्या आधीची.

"मिशारीला अजून दोन वर्षं लागतील, असं तेव्हाच वर सांगितलं होतं," साहेब म्हणाले. "सामना जिंकल्यावर खजुराबरोबर देणार होतो."

रूपेशने दोन्ही हात पुढे केले. साहेबांनी कागद दिला नाही. गुडघ्यावर ठेवून खिशातलं पेन काढलं, दोनचा आकडा खोडला, वर एक लिहिला आणि शेजारी छोटी सही केली.

"मीही एक बारीकशी अ‍ॅडजस्टमेंट केलीय," ते म्हणाले. "पण मी निदान विचारतो तरी. तुझी काही हरकत?"

"नाही, सर," रूपेश म्हणाला.