फिनलंडहून आलेली छत्री

खोका घरी आला तेव्हा सेल्विन प्रॅटली गावाच्या दुसऱ्या टोकाला एका छपरावर कौलं बसवत होता. त्यामुळे खोका लॉरेलने उघडला. नवऱ्याच्या नावाचा खोका उघडू नये एवढी सभ्यता तिच्यात होती. पण खोक्यावर 'वापरलेले क्रीडासाहित्य' असं लिहिलं होतं, आणि घरात आधी आलेलं क्रीडासाहित्य, म्हणजे व्यायामाची सायकल, सध्या टॉवेल वाळत घालायच्या कामी येत होतं.

संध्याकाळी सेल्विन आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर निळ्या रंगाचं एक गाठोडं बसलं होतं आणि त्याच्या शेजारी लॉरेल.

"सेल्, हे काय आहे?"

"रिग."

"म्हणजे?"

"पाठीवर बांधायची पिशवी गं. आत एक हवाई छत्री, विमानातून उडी मारायची. ती उघडली नाही तर दुसरी छत्री. आणि हे पट्टे, अंगाला आवळायचे."

"आणि दुसरीही उघडली नाही तर?"

"तर माल परत घेत नाहीत."

"केवढ्याला पडली?"

"नवीच्या निम्म्यात!" सेल्विन अभिमानाने म्हणाला.

लॉरेल गावातल्या शाळेची बस चालवायची. मागे चाळीस पोरं बोंबलत असताना ती रस्त्यावरची नजर हलू देत नसे. त्याच नजरेने तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि ती मटार सोलायला निघून गेली.

सेल्विनची बाजूही ऐकायला हवी. ऑस्ट्रेलियातल्या कुरागुंडीच्या माळावर, मेंढ्यांच्या कुरणाला लागून त्यांचा उड्या मारणाऱ्यांचा क्लब होता. एक विमान, एक पत्र्याची शेड आणि एक चूल. दर ईस्टरला क्लबातली जाणती मंडळी एकाच वेळी विमानातून उड्या टाकून आभाळात हातात हात धरून मोठं कडं करायची. त्या कड्यात शिरायला स्वतःची रिग लागे, कारण क्लबाच्या भाड्याच्या रिगी त्या दिवशी नवशिक्यांना दिलेल्या असत. सेल्विनकडे स्वतःची रिग नव्हती. म्हणून तीन ईस्टर तो खाली चुलीवर सॉसेजं परतत होता. वर मित्र हात धरायचे, हा खाली चिमटा धरायचा. आता लोक त्याला नावाने कमी आणि "कांदा जरा सढळ हाताने" या वाक्याने जास्त हाका मारत.

या ईस्टरला काहीही करून कड्यात शिरायचंच, असं त्याने ठरवलं. पण काहीही करायला पैसे लागतात. शेवटी इंटरनेटवर त्याला फिनलंडमधला टाउनो नावाचा माणूस सापडला. टाउनो तुसडा नव्हता, फक्त शब्द वाया घालवत नव्हता.

"रिग चांगली आहे," टाउनोने लिहिलं. "गुडघ्यामुळे विकतो. मी लहान माणूस आहे. तू लहान आहेस का?"

"मध्यम," सेल्विनने कळवलं.

"वजन?"

इथे सेल्विनने क्लबाच्या नोंदीत होतं तेच लिहिलं, अठ्ठ्याहत्तर किलो. ही नोंद क्लबात आला त्या दिवशीची होती, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीही ती थोडी आशावादीच होती. यात त्याला काही गैर वाटलं नाही. वजन खरं सांगणारा मनुष्य त्या शेडमध्ये कुणी पाहिला नव्हता. छत्री जितकी लहान तितका माणूस पोचलेला, असा तिथला समज. मोठी छत्री घेऊन फिरणं म्हणजे मिसरूड फुटल्यावर तीनचाकी सायकल चालवण्यासारखं.

रिग निघाली, समुद्र ओलांडून आली आणि क्वारंटाइनमध्ये अडकली. छत्रीच्या दोऱ्यांत फिनलंडचं गवत सापडलं होतं, बियांसकट. ते वेचून, धुऊन, वाळवून घ्यायचा खर्च सेल्विनने भरला. 'निम्म्यात' मधला निम्मा तिथेच धुतला गेला.

पण सेल्विनला खरी धास्ती होती ती बिअरची. क्लबाचा नियम साधा होता: आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्यांदा केली की सगळ्यांना बिअरचा क्रेट पाजायचा. पहिली उडी, क्रेट. पहिल्यांदा काटेरी कुंपणात उतरलास, क्रेट. एकाने "आज पहिल्यांदाच मला भूक नाही" म्हटलं, त्यालाही सोडलं नव्हतं. म्हणून सेल्विन शनिवारी रिग खांद्याला लावून शेडमध्ये शिरला तो जिभेला गाठ मारून.

शेडच्या मधोमध मर्ल क्विग्ली बसली होती. मर्ल क्लबाची मुख्य शिक्षिका. राखीव छत्री घडी करायचा परवानाही तिचाच, आणि तिने पाहून हो म्हटल्याशिवाय कुठलीही रिग विमानात चढत नसे. आवाज असा की विमान चालू असतानाही ऐकू यावा.

"काय रे बाळा, नवी रिग?"

"छे, जुनी आहे," सेल्विन सावधपणे म्हणाला.

"आधी दुसरी कुठली होती का तुझी?"

"तशी... नव्हती."

"मग ही तुझी कितवी?"

सेल्विनने छताकडे पाहिलं. छतावर मदत नव्हती. शेडमधून एकच गर्जना उठली, "बिअर!"

क्रेट आला. मर्लने रिग उलगडली, शिवणी ओढून पाहिल्या, दोऱ्या बोटांतून सोडल्या आणि मान डोलावली. "टाउनोने जिवापाड जपलीय. कापडात काही खोट नाही. खोट असलीच तर आत जाणाऱ्यात असेल. बांध बघू."

सेल्विनने पट्टे चढवले. पायाचे पट्टे लागले. छातीचा पट्टा मात्र बकलापासून वीतभर लांब राहिला, आणि दोघांची भेट व्हायची काही चिन्हं दिसेनात.

"श्वास सोड," मर्ल म्हणाली.

"सोडलाय."

"आणखी आहे तो." मर्लने छत्रीवर छापलेला आकार पाहिला. "सेल्, राजा, वजन किती तुझं?"

"अठ्ठ्याहत्तर."

कुणीतरी खोकलं. मर्ल उठली. "चल माझ्याबरोबर."

कुंपणापलीकडे लोकर कातरायची शेड होती आणि तिथे लोकरीचे गठ्ठे तोलायचा मोठा काटा. सगळा क्लब बिअर हातात घेऊन मागोमाग आला. सेल्विन रिगसकट काट्यावर उभा राहिला. काटा एकशे अकराच्या पुढे जाऊन जरा थरथरला आणि तिथेच स्थिरावला.

कुंपणाला टेकलेला मेंढपाळ बराच वेळ पाहत होता. "कातरायच्या आधीचं की नंतरचं?" त्याने चौकशी केली.

"हे बघ," मर्ल म्हणाली, हसणं थांबल्यावर. "खाली सगळ्याच छत्र्या आणतात. ही तुला जरा घाईने आणेल. माझ्या माळावर मी हे होऊ देणार नाही. वीसेक किलो उतरव, नाहीतर ही विक आणि मोठी घे."

सेल्विनने टाउनोला कळवलं. टाउनोचं उत्तर आलं, "मला वाटलंच. तू मध्यम नव्हतास."

त्याने आधी पहिला उपाय केला. तीन आठवडे तो पालापाचोळा खाऊन कौलांवर चढला. पण दर शनिवारी चुलीपाशी उभं राहून दुसऱ्यांची सॉसेजं परतायची आणि स्वतः काकडी चावायची, हे कुठल्याच धर्मात बसत नाही. चौथ्या शनिवारी, 'नीट शिजलंय का' हे पाहण्याच्या निमित्ताने त्याने व्रत सोडलं, आणि नंतर फार काळजीपूर्वक पाहत राहिला. ईस्टरही तसाच गेला. कांदा मात्र सढळ होता.

उरला विकायचा उपाय. जाहिरातीला फोटो हवा.

"लॉरेल, जरा हे अंगावर चढव ना. टांगून ठेवली की मेलेल्या कांगारूसारखी दिसते."

लॉरेलने हात पुसले आणि पट्टे चढवले. खांदे बसले, पाय बसले, छातीचं बकल 'टक्' करून लागलं. जणू टाउनोने तिचंच माप घेतलं होतं. तिने आरशात पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"हं," लॉरेल म्हणाली.

लग्नाच्या बावीस वर्षांत या 'हं' नंतर काय काय झालं होतं ते सेल्विनला आठवलं. एकदा घर बदललं होतं.

"फक्त फोटो काढायचाय गं."

"ऐकलं मी. पण वस्तू घरात आहे, पैसे गेलेत, आणि कुणीतरी ती वापरायला नको का? टॉवेल वाळत घालायला आपल्याकडे सायकल आहे."

क्लबाच्या मोठ्या छत्रीवर ती शिकली. पहिली उडी मारून उतरली तेव्हा मर्लने विचारलं, "कसं वाटलं गं?"

"किती शांत होतं वर!" लॉरेल म्हणाली. "कुणीसुद्धा ओरडत नव्हतं."

"बिअर!" सगळे ओरडले.

क्रेट सेल्विनने आणला. पुढे ती एकटी उतरली, क्रेट. उभ्याने उतरली, क्रेट. पुढे लहान छत्रीवर हात बसला, मर्लने मान डोलावली आणि टाउनोची निळी रिग अखेर ऑस्ट्रेलियाच्या आभाळात उघडली. तेव्हा लॉरेलने एक आणि आपल्या मालकीची रिग पहिल्यांदाच उघडली म्हणून सेल्विनने एक, असे दोन क्रेट झाले. दुकानदार आता त्याला पाहिलं की न विचारता गाडीची डिकी उघडायचा.

पुढच्या ईस्टरला मर्लला कड्यात एक हलकं आणि न घाबरणारं माणूस हवं होतं. सेल्विन चुलीपाशी उभा होता. विमानाचा आवाज थांबल्यासारखा झाला, वर ठिपके सुटले, एकमेकांकडे सरकले आणि कडं मिटलं. एक ठिपका निळा होता. सेल्विन वर बघत राहिला. दोन सॉसेजं जळली.

लॉरेल माळावर उतरली आणि निळी छत्री कवेत घेऊन धावतच आली. "सेल्! सेल्! बघितलंस? मी पहिल्यांदाच—"

शेडमधल्या सगळ्यांनी तोंडं उघडली. पण आवाज फुटायच्या आत सेल्विन खाली वाकला आणि त्याने टेबलाखालून बर्फात ठेवलेला, गारेगार क्रेट बाहेर काढला. सकाळीच आणून ठेवला होता. डोळ्यांत धूर गेल्यासारखं त्याने मनगटाने डोळे पुसले.

 मर्लने डोक्यावरची टोपी मागे सारली.

"सेल्विन प्रॅटली," ती म्हणाली, "इतकी वर्षं तुला ओळखते मी. कुणी न ओरडता तू बिअर काढलीस, असं कधी झालं होतं का रे बाळा?"

सेल्विनने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळलं.

"बिअर!" सगळ्यात मोठा आवाज लॉरेलचा होता.

सेल्विनने चिमटा तिच्या हातात दिला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.