तीन गोळ्या आणि फुटबॉलवाला

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या क्रांती मॅडम तो डबा कसा वापरायचा ते सांगायला लागल्या आणि मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या मॅडम, कळलं." पुढचं सगळं रामायण ह्या एका वाक्यानं घडलं.

आता माझीबी बाजू ऐका. शिवाजी पेठेत माझं फुटबॉल दुरुस्तीचं दुकान. जन्म गेला ब्लॅडर बदलण्यात आणि हवा भरण्यात. मला हवेतलं दवाखान्यात शिकवायचं? (बायको म्हणते, माझ्या डोक्यातसुद्धा तीच भरलीय.)

ही बायको म्हणजे अनुजा. तिच्या उजव्या फुफ्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. सिगारेटचा धूरसुद्धा सहन न होणारी बाई! डॉक्टर म्हणाले, "गाठ काढता येईल, पण आधी घरी व्यायाम करा. दम वाढला तरच ऑपरेशन." त्यासाठीच तो प्लॅस्टिकचा डबा. तीन नळकांड्यांत तीन रंगीत गोळ्या, बाजूला तोंडात धरायची नळी. मॅडम समजावत होत्या तेव्हा अनुजा स्कॅनला आत गेलेली. म्हणजे घरी वस्ताद मीच.

"फुंक!" मी म्हणालो.

तिनं फुंकलं. गोळ्या ढिम्म.

"पोटातनं फुंक की! फायनल हाय असं समज."

"आवं, हालंनात की."

"हालत्यात. जोर लाव."

बिचारी लाल होईस्तोवर फुंकायची, खोकायची, पुन्हा फुंकायची. मी शेजारी उभा राहून मॅच बघितल्यासारखा ओरडायचो. एक दिवस तिनं डबा खाली ठेवला.

"फुफ्फुसं गेली माझी," ती म्हणाली. "आता डॉक्टर न्हाय ऑपरेशन करायचे. मरतीया मी." आणि रडायला लागली.

मी डबा घेऊन न्हाणीघरात गेलो, कडी लावली आणि जीव खाऊन फुंकलं. गोळ्या ढिम्म! म्हटलं, मलाबी झालाय. (खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. एकत्रच जाऊ.) मग बादलीजवळ बसून ढसाढसा रडलो.

तपासणीला गेलो तेव्हा क्रांती मॅडमनी तिला फुंकताना बघितलं.

"काकू, फुंकताय कशाला? हवा आत ओढायची! कुणी सांगितलं असं?"

अनुजानं माझ्याकडं बघितलं. (तसं मला सासऱ्यांनीबी कधी बघितलं नव्हतं.) मग नळी तोंडात धरून हवा ओढली. एक गोळी टणकन वर गेली. मागोमाग दुसरी. अनुजा हसत होती आणि रडतबी होती.

"बघा की! हाय माझ्यात दम!"

त्यानंतर मला शिकवायला बंदी. ती एकटी हवा ओढायची, जिना चढायची, मी गप्प. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली.

आज सकाळी आत जाताना तिनं डबा माझ्या हातात दिला. "भ्या वाटलं तर ह्यात हवा ओढत बसा. रडू नका. त्या दिवशीचं न्हाणीघरातलंबी मला ऐकू आलतं."

दार बंद झालं. मला फार भीती वाटत होती, सांगायला लाज नाही. बाकावर बसून नळी तोंडात धरली आणि तिच्यासाठी सगळा जीव लावला. गोळ्या ढिम्म. शेजारी बसलेले जयसिंगपूरचे एक गृहस्थ बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"पावणं," ते म्हणाले, "ओढायचं असतंय ते. फुंकताय कशाला?"