सोनाबाईंचा मुका हुरडा

माणूस ओळखावा तर सोनाबाईंनीच! पाहुणा बांधावरून चार पावलं चालला, की तो जेवायला आलाय, काही मागायला आलाय की भेद घ्यायला आलाय, हे त्या नुसत्या चालीवरून सांगत. निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं म्हणणं होतं.

माढ्याजवळच्या त्यांच्या रानात गावातल्या बायकांच्या गटानं हुरड्याचं पर्यटन सुरू केलं होतं. शहरातल्या माणसांनी यायचं, आगटीभोवती बसायचं, बायकांनी गरम कणसं चोळून दिलेला हुरडा शेंगाचटणीशी खायचा आणि बैलगाडीतून फेरी मारून जायचं. बेत झकास होता. फक्त माणसं येत नव्हती.

मुलगा दिग्विजय एक दिवस म्हणाला, "आई, एवढा हंगाम बघ. सोलापूरची सहलीची बस आपल्याकडं लागली तर ठीक, न्हायतर पुढच्या साली तितं ऊस लावणार."

ऊस लागला की बायकांचं काम संपलं. तोडीला टोळी येणार, न्यायला कारखान्याचा ट्रॅक्टर येणार, आणि गटातल्या साऱ्याजणी पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर खुरपं घेऊन बसणार. सोनाबाईंनी देवीपुढं पदर पसरला. बस दारात लागेपर्यंत दर गुरुवारी दिवेलागणीपर्यंत मौन! झोपेतही जिचं तोंड चालतं अशा बाईनं मौन धरायचं म्हणजे ओढ्यानं उलटं वाहायचं. वर सून रेश्माला ताकीद, "परक्याला एक अक्षर सांगायचं न्हाय. व्रताचा बोभाटा केला की फळ जातं."

अशाच एका गुरुवारी, न कळवता, एक मोटार आली. उतरले नवरा-बायको. नवरा धिप्पाड आणि बोलका, बायको बारीक नजरेची. सोनाबाईंची नजर मात्र मोटारीच्या काचेमागं गेली आणि तिथंच चिकटली. आत पिवळी टोपी होती.

पिवळी टोपी म्हणजे पीळदार मिशांचा जोतीराम! ओढ्यापलीकडं त्याचंही हुरडा केंद्र होतं. पाळणे, भोंगा आणि येणाऱ्या प्रत्येकाला पिवळी टोपी. गेल्या साली सोनाबाईंनी बैलांच्या शिंगांना झेंडूच्या माळा बांधल्या, तर आठवड्याच्या आत त्याच्या बैलांनाही झेंडू फुटला होता. आता चटणीवर डोळा दिसतोय, सोनाबाईंनी ताडलं.

"आमी सहज आलो," नवरा म्हणाला. "मी कासीम, ही अनिसा. मावशी, ही आगटी किती खोल खणता हो?"

सहज आलेला माणूस खड्ड्याची खोली विचारतो का? सोनाबाई काही न बोलता आगटीच्या तोंडाशी ऐसपैस बसल्या. खोली दिसायची बंद झाली.

"आणि चटणीत लसूण कुठला घालता?" अनिसानं विचारलं.

सोनाबाईंनी चटणीचा वाडगा पदराखाली घेतला. मग रेश्माकडं बघून त्यांनी मिशीला पीळ दिल्यासारखं केलं, मोटारीकडं बोट दाखवलं आणि तेच बोट ओठांवर दाबलं. अर्थ सरळ होता: जोतीरामची माणसं हायत, तोंड उघडू नको.

रेश्माला मिशी कळली नाही, ओठांवरचं बोट तेवढं कळलं. ती गप्प झाली. ती गप्प झाली म्हणून कणसं चोळणाऱ्या बायका गप्प झाल्या. अनिसानं सगळ्यांकडं पाहिलं आणि तिनंही हळूच ओठांवर बोट ठेवलं.

"अगं, पण मी काय म्हणतो..." कासीमनं सुरुवात केली.

"शू. इथली रीत दिसत्येय."

कासीमनं फोटो काढायला फोन बाहेर काढला. सोनाबाईंनी तो अलगद हातातून घेतला, कणसांच्या पाटीत ठेवला आणि वर फडकं टाकलं. नवराबायकोनं एकमेकांकडं पाहिलं. अनिसानं आपला फोनही निमूट पाटीत ठेवला.

भलतीच पोचलेली माणसं दिसतायत, सोनाबाईंना वाटलं. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी हात लांब करून फाटक दाखवलं. निघा! दोघं उठले, बांधावरून सावकाश फाटकापर्यंत गेले, फाटकाला हात लावला आणि तितक्याच सावकाश परत आले. येताना दोघांनाही सणकून भूक लागली होती. एव्हाना रेश्मानं सासूच्या पदराखालून वाडगा ओढून घेतला होता. पाहुणा उपाशी जाणं तिला पटेना. मग आगटीतली कणसं तडतडत होती, हातावर दाणे पडत होते आणि कासीम मान खाली घालून खात होता. सोनाबाई समोर बसून त्यांचा एकेक घास डोळ्यांनी मोजत होत्या. कोंडलेलं बोलणं घशाशी येऊन त्यांचा चेहरा टमाट्यासारखा झाला होता.

दिवे लागले. सोनाबाई धावतच देवघरात गेल्या, निरांजन लावलं, नमस्कार केला आणि तोफेच्या गोळ्यासारख्या बाहेर आल्या.

"कुणी धाडलं तुमाला? त्या जोत्यानं, व्हय? लाज न्हाय वाटत लोकाचं फुकट खाऊन भेद न्यायला?"

कासीम दोन पावलं मागं सरकला. "अनिसा, ह्या बोलतात की!"

"कोण जोत्या?" अनिसा म्हणाली. "ते पिवळ्या टोपीवाले का? सकाळी तिथं जाऊन आलो. भोंग्यानं डोकं उठलं. मावशी, सोलापुरात सात रस्त्याला आमचं सहलींच्या बसचं ऑफिस आहे. रविवारची बस कुठं लावायची ते बघत फिरतोय."

सोनाबाईंनी चटणीचा वाडगा लगबगीनं अनिसापुढं सरकवला.

"वीस वर्षांत हे पहिल्यांदा गप्प बसलेत," अनिसा पुढं म्हणाली. "मला रानातला वारा ऐकू आला. अशी जागा शोधून मिळायची नाही. बस तुमच्याकडंच लागेल. फक्त सगळं आजच्यासारखं पाहिजे. फोन पाटीत, फाटकापर्यंत चालणं आणि कुणी बोलायचं नाही."

"आणि मावशींनी तर अजिबात नाही," कासीम म्हणाला.

"अहो, पण मी पाहुण्यांना ओव्या म्हणून दाखवणार हुते, म्हशीची गोष्ट सांगणार हुते..."

"आमाला मंजूर हाय," रेश्मा म्हणाली. मागून साऱ्या गटानं माना डोलावल्या. त्या इतक्या चटकन डोलल्या, की सोनाबाईंना संशय आला. तो अजूनही गेलेला नाही.

बस लागली, नवस फिटला. दिग्विजयनं उसाचं बेणं सांगितलं होतं ते रद्द केलं. गुरुवारी सोनाबाई आता पोटभर बोलतात. रविवारी मात्र सकाळपासून तोंडाला कुलूप.

परवाच्या रविवारी तर कडेलोट झाला. पाहुण्यांच्या घोळक्यात नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला एक माणूस होता. तो आगटीपाशी वाकून वितीनं खोली मोजू लागला. सोनाबाईंनी त्याला चालीवरून ओळखलं. जोतीराम! अखेर खरा हेर सापडला, तोही रंगेहाथ. त्यांनी पदर खोचला, श्वास भरून घेतला, तोंड उघडलं.

बसच्या दारातून कासीमनं ओठांवर बोट ठेवलं.

जोतीरामनं मफलर खाली केला, ऐटीत मांडी घातली आणि तळहात पुढं केला. सोनाबाईंनी त्यावर हुरडा घातला. त्यानं खुणेनं चटणी मागितली. तीही वाढली. डोळ्यांतून पाणी यायचं तेवढं राहिलं होतं.

निघताना बसमध्ये चढणारी एक पाहुणी रेश्माचा हात धरून म्हणाली, "किती शांत स्वभावाच्या आहेत हो तुमच्या सासूबाई!"